नशेच्या गुन्ह्यात सापडलेला मुलगा पुन्हा मंडळासमोर येऊ नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा. एका जिल्हा बाल संरक्षण कक्षात नुकत्याच रुजू झालेल्या परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) ताई विचारतात: सतरा वर्षांचा मुलगा दुसऱ्यांदा बाल न्याय मंडळासमोर आला आहे. पहिल्या वेळी मैदानात गांजा ओढताना सापडला, समज देऊन सोडला. या वेळी दोन मोठ्या माणसांबरोबर एमडीच्या (मेफेड्रोन या नशेच्या पावडरीच्या) पुड्यांसह पकडला गेला, एकूण वजन चार ग्रॅम. ऑफिसातले म्हणतात, सहा महिने व्यसनमुक्ती केंद्रात टाकायची शिफारस लिहा आणि मोकळ्या व्हा. अशी मुलं परत येऊ नयेत म्हणून खरोखर काय उपयोगी पडतं? आणि अठरा ओलांडलेल्यांचं काय?

ताई, ती शिफारस आत्ताच लिहू नका. हा मुलगा व्यसनी आहे की नाही हेच तुम्हाला अजून माहीत नाही. खिशात पुड्या सापडल्या एवढंच माहीत आहे, आणि पुड्या बाळगणारा प्रत्येक जण त्या ओढतो असं नाही. इतकी वर्षं परिविक्षेचं काम आणि त्यानंतर व्यसनमुक्तीच्या ओपीडीत समुपदेशन करून माझं मत असं झालंय की मुलगा परत येणार का, याचा अंदाज त्याच्यावरच्या कलमापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवरून बरोबर बांधता येतो. तो संध्याकाळी पाच ते रात्री अकरा कुठे असतो, कुणाबरोबर असतो आणि कुणाच्या पैशावर असतो? त्या सहा तासांत काही बदललं नाही, तर समुपदेशन, शपथ, केंद्र सगळं होऊन पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आपल्याकडे येणारी मुलं ढोबळमानाने तीन तऱ्हेची असतात. फाइलवर मात्र ती एकसारखीच दिसतात.

काही मुलं मित्रांबरोबर प्यायली किंवा ओढली आणि नेमकी सापडली. थर्टी फर्स्ट, टेकडी, गच्ची. यातली बरीचशी पुन्हा कधीच येत नाहीत, आपण फारसं काही केलं नाही तरी. त्यांच्यासाठी आई-वडिलांसमोर एक आणि एकट्याशी एक असं नीट बोलणं, नशेची सवय कुठवर गेलीय हे चाचपणारी सहा प्रश्नांची क्राफ्ट चाचणी, आणि महिन्याने एक फोन पुरतो. उत्साहाच्या भरात त्यांना बारा आठवड्यांच्या गट-समुपदेशनात बसवू नका. त्या गटात दुसरी पोरं कोण असतात ते आठवा. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये टॉमस डिशियन यांच्या पथकाला असंच दिसलं होतं. वाट चुकण्याचा धोका असलेल्या मुलांना एकत्र बसवून चालवलेल्या गटांनंतर काहींचं तंबाखू ओढणं आणि बेशिस्त वागणं उलट वाढलं होतं. १९९९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं. आपल्याकडे तर निरीक्षणगृहातला एक आठवडासुद्धा पुरतो. गांजावाला पोरगा आत जातो आणि बाहेर येताना त्याच्याकडे एमडीवाल्याचा नंबर असतो. म्हणूनच बाल न्याय कायद्याच्या कलम १२ ने मुलाचा जामीन हा नियम ठेवलाय, नाकारणं हा अपवाद.

दुसरी मुलं नशेसाठी चोरी करणारी. मोबाईल, दुचाकी, गटाराची झाकणं, घरातला सिलिंडर. यांच्या फाइलवर नशेचा शब्दही नसतो. व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन हुंगणाऱ्या बारा-चौदा वर्षांच्या मुलांचं तर नेहमी असंच होतं. ते पदार्थ एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, यादीत नाहीत, त्यामुळे पोरगं चोरीच्या कलमाखाली येतं आणि चोरीसाठीच समज घेऊन जातं. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण १० ते १७ वयोगटात सुमारे १.७ टक्के आढळलं, मोठ्यांमध्ये ०.६ टक्क्यांच्या आसपास. लहानांमध्ये मोठ्यांहून जास्त दिसणारी नशा हीच. तेव्हा चोरीच्या प्रत्येक पोराला नशेबद्दल विचाराच. या गटाला खरे उपचार लागतात. ब्राउन शुगरवाला (हेरॉइन घेणारा) असेल तर नुसत्या बोलण्यावर वेळ घालवू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधांनी तलफ आटोक्यात आल्याशिवाय त्याला तुमचं एक वाक्यही ऐकू येणार नाही. आणि असा मुलगा काही आठवडे आत राहून सुटला, तर पहिल्याच दिवशी घरच्यांना बजावून सांगा: शरीराची सवय मोडलेली असते, जुन्याच मापाने घेतलं तर जिवावर बेततं.

तिसरी तऱ्हा तुमच्या मुलाची असावी असा मला संशय आहे, आणि तिच्यावरच आपलं सगळ्यात कमी लक्ष असतं. माल पोहोचवायला वापरली जाणारी मुलं. याची रीत ठरलेली. पहिल्या दोन-चार पुड्या फुकट, पुढच्या उधारीवर, मग एक दिवस "अमक्याला नेऊन दे, फिटलं समज". पोरगं पकडलं जातं तेव्हा मालही जातो, आणि त्या मालाचे पैसे त्याच्याच नावावर चढतात. म्हणजे जामिनावर सुटलेला मुलगा पकडला गेला त्या दिवसापेक्षा जास्त कर्जात असतो. त्याला तुम्ही "वाईट संगत सोड" म्हणता आणि तो मान डोलावतो. सोडणार कशी? पहिल्या भेटीत हे तो सांगणार नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, आई बाहेर गेली की हळूच विचारा, "कुणाचं देणं आहे का रे?"

अशा केसमध्ये सामाजिक तपास अहवालात, म्हणजे मुलाच्या परिस्थितीबद्दल तुम्ही मंडळाला देता त्या अहवालात, स्पष्ट लिहा की मुलाला मोठ्यांनी वापरून घेतलं आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली दारू किंवा अमली पदार्थ विकायला-पोहोचवायला बालकाचा वापर करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि मुलाला नशा पुरवणाऱ्यासाठी ७७ आहे. ही कलमं पोलीस आपणहून लावतात असं नाही. तुमच्या अहवालात आधार असेल तर मंडळाला विचारता येतं. दुसरं म्हणजे, त्या दोघा मोठ्या आरोपींच्या जामिनाच्या तारखा तुमच्या डायरीत हव्यात. ते बाहेर आले की चार-आठ दिवसांत मुलाच्या दारात कुणीतरी उभं राहतं. घरचे पुष्कळदा गुपचूप पैसे देऊन मिटवतात. मी तसा सल्ला देत नाही, कारण या घरातून वसुली होते हे एकदा कळलं की माणसं पुन्हा येतात. मला चाललेला उपाय म्हणजे मुलाला काही महिने दुसऱ्या गावी, मामाकडे किंवा आत्याकडे पाठवणं, आणि मंडळाच्या परवानगीने देखरेख तिथल्या परिविक्षा अधिकाऱ्याकडे सोपवणं. मात्र मामा दारू पीत नाही ना, हे आधी पाहून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. एमडीचं 'अल्प प्रमाण' २ ग्रॅम आणि 'व्यावसायिक प्रमाण' ५० ग्रॅम. चार ग्रॅम मधल्या पट्टीत येतात. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, पण किमान सात वर्षांची अट नाही. त्यामुळे गुन्हा बाल न्याय कायद्यात 'सिरियस' (गंभीर) ठरतो, 'हीनियस' (अतिगंभीर) नाही, आणि मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का याची प्राथमिक छाननी इथे होत नाही. आई-वडिलांना हे पहिल्याच दिवशी सांगा. कुठल्यातरी वकिलाने वीस वर्षांची भीती घातलेली असते आणि त्या धसक्यात ते कर्ज काढतात.

आता तुमच्या हातातलं खरं हत्यार म्हणजे तो अहवाल. पंधरा दिवस मिळतात. बहुतेक अहवाल ऑफिसात बसून, आईला समोर बसवून भरले जातात आणि गुन्ह्याच्या कारणाच्या रकान्यात "वाईट संगतीमुळे" असं लिहिलेलं असतं. सगळ्यांच्याच. त्या दोन शब्दांवरून मंडळाने काय आदेश द्यायचा?

मी काय करतो ते सांगतो. कोरा कागद घ्यायचा आणि पकडला गेला त्याच्या आदल्या दिवसाचं घड्याळ मुलाकडूनच भरून घ्यायचं, अर्ध्या-अर्ध्या तासाचं. एका मुलाचं साधारण असं निघालं होतं: अकराला उठला, बाराला जेवला, मोबाईल. चारला आई पोळ्यांच्या कामाला गेली. साडेचारला गॅरेजच्या मागे. सहाला दोघं आले. साडेसात ते नऊ 'असंच'. नऊला आई यायच्या आत घरी, तोंड धुऊन, बडीशेप खाऊन. दहाला वडील आले, पिऊन. साडेदहाला पुन्हा बाहेर, कारण वडील आले. या कागदात दोन ठिकाणं आहेत. साडेचार ते नऊ, जेव्हा घरात कुणी नाही, आणि साडेदहा, जेव्हा घरात वडील आहेत. 'असंच' म्हणजे काय हे विचारायची घाई करू नये, आपोआप कळतं. त्याच्याबरोबर, त्याच्या संमतीने, फोनमधले यूपीआयचे व्यवहार खाली-खाली सरकवत पाहावेत. दोनशे, तीनशे, दोनशे, एकाच नंबरला, शुक्रवार-शनिवार. प्रश्न न विचारता बरंच समोर येतं. यातलं काही पोलिसांना द्यायला जाऊ नका. तुम्ही तपास अधिकारी नाही, आणि एकदा तसा समज पसरला की त्या वस्तीतलं एकही मूल तुमच्याशी बोलणार नाही.

मग योजना त्या कागदावरूनच करायची. बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली मंडळ मुलाला शाळेत किंवा व्यवसाय प्रशिक्षणाला जायला सांगू शकतं, विशिष्ट जागी जायला मनाई करू शकतं, व्यसनमुक्ती उपचारांना पाठवू शकतं, परिविक्षेवर सोडू शकतं. आदेशात "चांगले वर्तन ठेवावे" एवढंच येऊ देऊ नका. जागा आणि वेळ येऊ द्या. वरच्या मुलाला आम्ही गॅरेजच्या पुढच्या बाजूला आणलं. दुसऱ्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडे चार ते नऊ काम, आठवड्याला रोख न देता पगार आईच्या खात्यात. शाळा सुटलेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवता येतं, आणि मुंबईत असाल तर रात्रशाळा आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे तालीम उत्तम, कारण वस्ताद स्वतः संध्याकाळी हजेरी घेतो. पुण्यात ढोल-ताशा पथकाची शिफारस करताना मात्र पथक बघून करा. काही पथकांत शिस्त कडक आहे आणि काहींत सराव संपला की बाटल्या उघडतात.

वेगाबद्दल एक सांगायचं राहिलं असतं. मंडळाची पुढची तारीख महिन्या-दीड महिन्याने पडते आणि मधल्या काळात मुलाला कुणी काही विचारत नाही. घसरण्याचा काळ नेमका हाच. पहिली भेट सुटल्यापासून आठवड्याच्या आत, मग दर आठवड्याला ठरलेल्या वारी. नाही आला तर त्याच संध्याकाळी फोन, दुसऱ्या दिवशी घरी चक्कर. हवाईत २००४ पासून न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी प्रौढ गुन्हेगारांच्या परिविक्षेत हेच तत्त्व वापरलं: अट मोडली की लगेच, ठरलेली, छोटी शिक्षा. सुरुवातीचे निकाल फार गाजले, नंतर चार राज्यांत करून पाहिलं तेव्हा तसा फरक दिसला नाही. मी त्यातून शिक्षेचा भाग घेत नाही, 'लगेच' एवढंच घेतो. दखल घेतली जाते हे मुलाला कळलं पाहिजे.

भीती दाखवण्याचे प्रयोग करू नका. तुमच्याकडे कुणीतरी हमखास सुचवेल की एकदा येरवडा किंवा आर्थर रोड आतून दाखवून आणा, कानाला खडा लावेल. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात सत्तरच्या दशकात जन्मठेपेचे कैदी पोरांना घाबरवण्याचा कार्यक्रम चालवत. तशा कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले होते. २६ जूनची, अमली पदार्थविरोधी दिनाची, फेरी आणि शपथ करा हवं तर, त्या दिवशी शाहू महाराजांची जयंतीही असते, मुलांना एक सुट्टीसारखा दिवस मिळतो. परिणामाची अपेक्षा ठेवू नका.

मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन चालकाला मंडळाने लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावरून जे रान उठलं ते तुम्हाला आठवत असेल. दोन जीव गेले होते, संताप रास्तच होता. पण त्या गदारोळात सगळ्या सौम्य आदेशांची टिंगल झाली आणि मंडळं आता साधी परिविक्षा द्यायलाही कचरतात, हे नुकसान आपल्या मुलांचं झालं. त्याच आदेशात वाहतूक पोलिसांबरोबर काम आणि समुपदेशन याही अटी होत्या. समाजसेवेचा आदेश हवाच असेल तर तो गुन्ह्याशी जोडलेला आणि कुणीतरी रोज सही करणारा असावा.

लघवीच्या तपासणीबद्दल सावध राहा. रोज गांजा ओढणाऱ्याची तपासणी सोडल्यावरही तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणजे प्रामाणिकपणे थांबलेला मुलगा खोटा ठरतो. उलट एमडी दोन-तीन दिवसांत निघून जातं आणि बाजारातल्या साध्या किटमध्ये बरेचदा दिसतच नाही. व्हाइटनर तर नाहीच नाही. तपासणी बोलण्याला जोड म्हणून ठेवा, पुरावा म्हणून नको.

आणि घसरण वेगळी, गुन्हा वेगळा. मुलगा तुम्हाला येऊन सांगतो की शनिवारी ओढली, तर ती तुमच्या कामाची पावती आहे. त्या वाक्यावर तुम्ही लगेच मंडळाला अहवाल धाडलात तर पुढची घसरण तुम्हाला पोलिसांकडून कळेल. मी आधीच सांगून ठेवतो: काय झालं ते तू सांगितलंस तर आपण दोघं मार्ग काढू, मला बाहेरून कळलं तर मला लिहावं लागेल.

घरच्यांचं. वडील पीत असतील तर मुलावर उपचार करून फार हाती लागत नाही, निदान वडिलांनी घरात पिणं बंद करण्यापुरतं तरी त्यांच्याशी बोला. आईला अल-अनॉनच्या, म्हणजे व्यसनी माणसांच्या घरच्यांच्या गटाच्या, बैठकीला पाठवा. तिथे तिला पहिल्यांदा कळतं की पोराची उधारी फेडणं आणि पोराला वाचवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

केंद्र कधी? बाहेर राहून उपचार नीट करून पाहिले आणि जमलं नाही, किंवा घरच धोक्याचं आहे, किंवा सोबत मोठा मानसिक आजार आहे, तेव्हा. मुक्तांगणसारख्या १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत, आणि रात्री गाडी पाठवून पोरगं उचलून नेणारी केंद्रंही आहेत. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ प्रमाणे अल्पवयीनांना मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं. स्वतः जाऊन झोपायची खोली पाहा. केंद्राची नोंदणी, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि सुटल्यानंतर ते पाठपुरावा कसा करतात, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर तिथे पाठवू नका.

अठरा ओलांडलेल्यांबाबत सर्रास घडणारी एक गोष्ट सांगतो. पोरगा गांजा ओढताना सापडतो, एनडीपीएसचं कलम २७ लागतं. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोर्टात कुणीतरी सुचवतं, गुन्हा कबूल कर, दंड भर, सूट. घरच्यांना वाटतं स्वस्तात सुटलो. पण ती दोषसिद्धी असते. पुढे तेवढ्याच शिक्षेच्या एनडीपीएस गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरला तर कलम ३१ प्रमाणे कमाल शिक्षा दीडपट होते, आणि पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये ती नोंद येते ती वेगळीच. कबुलीआधी वकिलाला त्याच कायद्याचं कलम ६४ए विचारा. अल्प प्रमाणाच्या किंवा कलम २७ च्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. दोषी ठरलाच तर कलम ३९ खाली त्याच्या संमतीने कोर्ट त्याला बंधपत्रावर उपचारांसाठी सोडू शकतं, वर्षभरात अहवाल द्यायचा असतो. परिविक्षेची दारंही २७ साठी उघडी आहेत, कलम ३३ तसं सांगतं. कोर्टात हे मागावं लागतं. मागितलं नाही तर दंडाची पावती मिळते.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या पोरांसाठी माझा आग्रह एकच: पहिल्याच वेळी परवाना आणि गाडीची चावी यावर काहीतरी व्हावं. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्या वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंड वडील भरतात. चावी मुलाच्याच खिशात राहते.

तुमचा मुलगा तिसऱ्यांदा आला तर? आधीचे दोन्ही अहवाल काढा आणि ते घड्याळ पुन्हा भरून घ्या. बहुतेक वेळा दिसतं की आपण सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी दोनच झाल्या होत्या. मिस्त्रीने काम बंद केलं होतं, किंवा मामा गावाला गेला होता. "सुधारणेस वाव नाही" असं लिहायच्या आधी काय झालं नाही ते लिहा, तारखांसकट. आणि केस बंद झाली की बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे नोंदी नष्ट करण्याचा आदेश निघाला का, त्याची प्रत पोलीस ठाण्यात पोहोचली का, हे स्वतः जाऊन पाहा. भरतीच्या वेळी जुनी डायरी उघडली जाते आणि तोवर तुमची बदली झालेली असते.